दहावीचे टक्के पुढे इंजिनिअरिंगला टिकतात का?

संगमनेरी_दुकानदार

नमस्कार मंडळी. इथे शिक्षणातले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. माझं कृषी सेवा केंद्र आहे, शिक्षण बी.कॉम. सायन्सच्या वाटेला कधी गेलो नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

थोरली मुलगी २०२२ ला दहावी झाली, ९५.६० टक्के. संस्कृत १००, सामाजिक शास्त्रं ९८, विज्ञान ९६, इंग्रजी ९३, गणित ९१. चौकात फ्लेक्स लागला, पतसंस्थेने सत्कार केला, सगळं झालं. बारावीला गणितात ६१ वर आली, सीईटीला ८७ पर्सेंटाइल. पुण्याकडच्या एका खासगी कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मिळालं. पहिल्या सेमिस्टरला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, आणि मेकॅनिक्स राहिले. सुट्टीत घरी आली की जेवते आणि खोलीत जाते. तिच्या रूमवर एक मुलगी आहे, तिला दहावीला ८१ होते, तिचे सगळे विषय निघाले. हे कळल्यापासून तर जास्तच.

धाकटा यंदा दहावी झाला. ७८.४०. गणित ८८, विज्ञान ८१, सामाजिक शास्त्रं ७९, मराठी ७४, हिंदी ७०. इंग्रजीत ६३ होते, ते बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये बाजूला पडले. मेहुणे म्हणतात, ९५ वालीची ही गत, तर ७८ वाल्याचं काय होणार, सरळ डिप्लोमाला घाला. बायको म्हणते, टक्क्यांना काही अर्थ नसतो हे पोरीवरून दिसलंच, मग ह्यालाही सायन्स घेऊ द्या, चांगल्या टाय-अपवाल्या, म्हणजे खासगी क्लासशी जोडलेल्या, कॉलेजात टाकू. दोघांचा पुरावा एकच, माझी मुलगी. आणि निघतंय मात्र बरोब्बर उलटं.

तर जाणकारांनी सांगा, दहावीच्या मार्कांवरून पुढचं काही कळतं की नाही? अकरावीचा ऑनलाइन फॉर्म आणि डिप्लोमाचा फॉर्म, दोन्ही समोर आहेत.

---

कोथरूडचा_बग

दादा, टेन्शन नका घेऊ. मला दहावीला ८९, बारावीला ६८, बी.ई.ला तीन केट्या (राहिलेले विषय), आणि आज कंपनीत मी मुलाखती घेतो. कुणाला दहावीचे मार्क विचारत नाही.

म्हणजे तसं नाही, विचारतो. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची ‘थ्रूआउट ६०’ अशी अट असते, दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे. तेवढ्यापुरता त्या मार्कशीटचा उपयोग. मुलाला ७८ आहेत, त्या गेटातून तो आत गेलाच. बाकी रूममेटच्या ८१ शी तुलना करणं आधी बंद करा, त्यानेच अर्धी पोरं खचतात.

---

डीएसई_मेकॅनिकल

मेहुण्यांचा सल्ला वाईट नाही, पण कारण चुकीचं देतायत. डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचा कोपरा, हे डोक्यातून काढा. चांगल्या सरकारी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरची सीट घ्यायला गेलात तर ७८ ला ती मिळेलच असं नाही. तिथली मेरिट लिस्ट दहावीवरच लागते.

माझे दहावीला ६४. मेकॅनिकल डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई. वर्कशॉप, ड्रॉइंग, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स ह्यात बारावीवाल्या पोरांपेक्षा आम्ही पुढे. ते पहिल्यांदा व्हर्नियर हातात घेत होते तेव्हा आम्ही लेथवर थ्रेड कापून आलो होतो. पण एम-थ्रीने रडवलं. बारावीवाल्यांनी एम-वन, एम-टू करून डिफरन्शियल इक्वेशन पचवलेलं असतं आणि आम्ही थेट लाप्लासच्या पंगतीत जाऊन बसतो. पहिल्या अटेम्प्टला माझा गेला, दुसऱ्याला निघाला.

तेव्हा ६४ वाला बी.ई. होतो का, तर होतो. पण कुठे अडणार हे ६४ वरून मला कुणी सांगितलं नसतं. रस्ता कुठला धरला त्यावरून सांगितलं असतं.

---

बे_एरियातला_भाऊ

हा प्रश्न इकडे अमेरिकेतही तितकाच पेटलेला आहे, म्हणून थोडी भर घालतो. हायस्कूलचा जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी) महत्त्वाचा की एसएटी ही प्रवेश परीक्षा, यावर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या जवळपास ८०,००० विद्यार्थ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की चार वर्षांनंतरची कामगिरी ओळखायला शाळेचे ग्रेड परीक्षेपेक्षा सरस ठरतात. आणखी गंमत म्हणजे ग्रेडचा हा प्रभाव पहिल्या वर्षानंतर कमी होत नाही, उलट वाढतो. पुढे २०२० मध्ये युनिव्हर्सिटीने एसएटी सोडायचं ठरवलं. एमआयटीने मात्र २०२२ मध्ये ती परत आणली. त्यांचं म्हणणं, आमच्याकडचं गणित झेपेल का, हे त्या परीक्षेच्या गणितावरून कळतं.

पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. ग्रेड, परीक्षा, आईवडिलांचं शिक्षण, घरचं उत्पन्न, सगळं एकत्र धरलं तरी मुलामुलांच्या निकालात जो फरक पडतो त्यातला तीस टक्क्यांच्या आतलाच भाग समजतो. उरलेल्या सत्तराला कुणाकडे सूत्र नाही.

आणि आपली दहावी ह्यातल्या कशासारखी? जीपीए म्हणजे चार वर्षांच्या गृहपाठाचा, चाचण्यांचा हिशेब. आपल्याकडे एका मार्च महिन्यात सगळा निकाल. त्यामुळे इकडचे निष्कर्ष तिकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

---

एफईच्या_मॅडम

मी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते, म्हणजे ज्या एम-वनने तुमच्या घरात शांतता पसरवली आहे तोच विषय. बरीच वर्षं शिकवतेय. ॲडमिशनच्या दिवसांत ओरिजिनल तपासायला टेबलावर आम्हालाच बसवतात, त्यामुळे दहावीची मार्कशीट आणि पुढे एम-वनचा पेपर, दोन्ही माझ्या हातून जातात.

आधी एक काम करू. दोन्ही पोरांची टोटल झाकून फक्त गणित बघा. मुलगी ९१, मुलगा ८८. गणिताचे २० मार्क शाळेच्या हातात असतात आणि शाळा त्यात सहसा हात आखडता घेत नाही. दोघांनाही तिथे भरघोस मिळाले असं धरलं, तर लेखी ८० पैकी मुलीला सत्तरच्या थोडं वर, मुलाला सत्तरच्या थोडं आत. टोटलमध्ये सतरा टक्क्यांचा फरक आणि गणितात तीन मार्कांचा! बाकीचा फरक आला कुठून? संस्कृत, इंग्रजी, इतिहास-भूगोल, आणि थोडा विज्ञानातून. ते विषय हलके नाहीत, मुलीने ते कष्टाने मिळवलेत. पण एम-वनमध्ये त्यांचा आधार मिळत नाही. तिच्या पाच विषयांत गणित सगळ्यात खाली होतं, मुलाच्या पाचांत सगळ्यात वर आहे. मेहुण्यांना हे दाखवा.

आता वर्ष बघा. तुमची मुलगी २०२२ ची. त्या वर्षी अभ्यासक्रम पंचवीस टक्के कापलेला होता, केंद्र आपापल्या शाळेत, आणि ४० मार्कांच्या पेपरला १५ मिनिटं जादा. त्याहून मोठं म्हणजे ह्या बॅचची बरीचशी नववी मोबाइलवर गेली. नववीच्या बीजगणितात वास्तव संख्या आहेत, बहुपदी आहे, गुणोत्तर-प्रमाण आहे. दहावी बोर्डाची म्हणून सगळे तिच्याकडे बघतात, पण एम-वनला नववी कामी येते. ती कच्ची राहिली की दहावी पाठ करून निघते, बारावीला डगमगते आणि आमच्याकडे येऊन कोसळते. ९१, मग ६१, मग नापास, हा उतार मी इतक्यांदा पाहिलाय की मार्कशीटवरचं वर्ष बघूनच अंदाज येतो. ह्यात पोरीचा आळस शोधू नका.

त्याच्या उलट बॅच सांगते. २०१९ ला बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत २० मार्क काढले आणि राज्याचा निकाल एका वर्षात ८९.४१ वरून ७७.१० वर आला. पोरं काय एका वर्षात ढ झाली? नियम बदलला. ओरड झाली, पुढच्या वर्षीपासून ते मार्क परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला. २०१९ च्या ह्या पोरांचं नशीब बघा. त्यांची बारावी आली २०२१ ला, परीक्षाच रद्द. मग दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० असं सूत्र लागलं. म्हणजे ज्या दहावीत त्यांना सगळ्यात कडक मोजलं होतं, तीच दोन वर्षांनी परत बारावीत शिरली. ही बॅच आमच्याकडे आली तेव्हा कागदावर साधी दिसायची, पण दहावीची परीक्षा खरीखुरी दिलेली होती. माझ्या वर्गापुरतं सांगते, मला ती मुलं नंतरच्या ९६-९७ वाल्यांपेक्षा सरस वाटली. २०२१ च्या दहावीचा निकाल ९९.९५ होता, परीक्षेविना. त्या आकड्यावरून कुणाचं काय ओळखणार?

म्हणून ‘दहावीचे टक्के’ अशी एकच वस्तू नसते. कुठल्या सालचे, हे आधी विचारायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. संबंध असतो. ५० टक्केवाला आणि ९० टक्केवाला सरसकट समोरासमोर ठेवले तर ९० वाला पुढेही बरा निघतो. बसायची सवय, वेळेत पेपर पूर्ण करणं, वही नीट ठेवणं, हे सगळं त्यात येतं, आणि ते पुढे उपयोगी पडतं. पण माझ्या वर्गात ५० वाला बसलेलाच नसतो. साठ पोरांत बहुतेक ८० ते ९५ च्या मधले. पोलीस भरतीत १६५ सेंटिमीटर उंची लागते. ती भरलेल्या पोरांमध्ये १७० वाला १६७ वाल्यापेक्षा जोरात पळेलच असं कुणी म्हणत नाही. तसंच हे. आधीच गाळून घेतलेल्यांमध्ये परत तीच चाळणी लावली की काही हाती लागत नाही आणि लोक म्हणतात, बघा, मार्कांना अर्थ नसतो. तुमच्या मिसेसचं नेमकं हेच झालंय. ८१ आणि ९५ दोघी एकाच खोलीत राहतात ते त्या दोघी सीईटीच्या एकाच चाळणीतून आल्या म्हणून.

वरच्या टोकाला तर आकडा बोलायचाच थांबला आहे. २०२५ ला २११ मुलांना शंभर टक्के, त्यातले निम्म्याहून जास्त लातूर विभागातले. बेस्ट ऑफ फाइव्ह, वर चित्रकलेच्या ग्रेडचे, खेळाचे, लोककलेचे गुण. मिळोत बापडे, मला त्रास नाही. पण ९४ आणि ९८ मध्ये मी फरक करत नाही.

मग मी काय बघते? पहिल्या आठवड्यात एक चाचणी घेते. कॅल्क्युलेटर बंद, मार्क कुठेही धरत नाही. सगळं आठवी ते दहावीचं. दोन अपूर्णांकांची बेरीज, x² − ५x + ६ चे अवयव, एक वर्गसमीकरण, sin ३०, घातांकाचे नियम. आणि एक खोडी, वर्गमुळात a² + b². अर्ध्याअधिक वर्गाने दरवर्षी त्याचं उत्तर a + b लिहिलेलं असतं, त्यात ९७ वाले पण असतात. ज्याने हे लिहिलं, त्याला पार्शल डेरिव्हेटिव्ह शिकवून मी काय करू? तो u, v, x, y सगळं पाठ करेल आणि तिसऱ्या ओळीत वर्गमूळ सोडवताना बुडेल. पेपर तपासताना हेच दिसतं. यूलरचं प्रमेय बिनचूक लिहिलेलं, आणि खाली ऋण चिन्ह कंसाबाहेर काढताना हरवलेलं.

एका वर्षी अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळेतून आलेला मुलगा होता, दहावीला ७२. वर्गसमीकरणाचं सूत्र त्याला आठवत नव्हतं. बाकीच्यांनी चुकीचं सूत्र लिहिलं किंवा जागा सोडली. ह्याने पूर्ण वर्ग करून सूत्र तिथेच काढलं, अर्धं पान भरलं, मग उत्तर. अक्षर गिचमिड. मी तो कागद अजून ठेवलाय. त्याचा एम-वन पहिल्या फटक्यात निघाला. राहिला तो ग्राफिक्सचा, म्हणजे ड्रॉइंगचा, कारण प्रोजेक्शन म्हणजे काय हे त्याला इंग्रजीतून समजायला डिसेंबर उजाडला. असं असतं. सरळ गोष्टी फार कमी.

बे एरियातल्या भाऊंनी जीपीएचं लिहिलंय ते मला पटतं, पण दहावी पूर्ण एसएटीसारखीही नाही. अपेक्षित प्रश्नसंच सोडवून, शाळेच्या तीन-तीन सराव परीक्षा देऊन पोरं जातात. पुस्तकातलंच येतं. तो स्मरणाचा आणि चिकाटीचा निकाल आहे. शाळाही सारख्या नसतात. इंग्लंडमध्ये २०१४ ला तिथल्या विद्यापीठ अनुदान यंत्रणेने पाहिलं, तर ए-लेव्हलला (तिकडची बारावी) सारखेच ग्रेड असलेल्यांपैकी सरकारी शाळेतली मुलं खासगी शाळेतल्यांपेक्षा डिग्रीला जास्त चांगली निघाली. जिल्हा परिषद शाळा, मग गावचं हायस्कूल, क्लास नाही, आणि ८०, असा मुलगा टेबलावर आला की मी मनातल्या मनात त्याला दोन-चार मार्क चढवून घेते. ऑफिशियली असलं काही करता येत नाही हे सांगायला नको.

आता टाय-अप. इथे मला राग येतो, म्हणून जरा लांबेल. अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकलची जर्नलं शेवटच्या आठवड्यात एकमेकांची बघून. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, चुकलं तर मार्क कापत नाहीत. म्हणजे एका गणिताला दोन मिनिटंही नाहीत. मग क्लासवाले तेच शिकवणार ना, पर्याय घालून बघ, जुळला की पुढे. दोन वर्षं हेच केलेलं पोरगं आमच्याकडे येतं आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ काय लिहायची हे त्याला कळत नाही. मला येऊन विचारतात, मॅडम, उत्तर बरोबर आहे, मार्क का कापले? उत्तर बरोबर आहे रे, पण मधल्या पायऱ्या कुठायत? तुमच्या मुलीने बारावी कुठे केली हे लिहिलं नाहीत. टाय-अपला केली असेल तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. मिसेसना माझा निरोप सांगा, मुलाला सायन्सला जरूर घाला, पण जिथे रोज वर्ग भरतो आणि फळ्यावर खडूने गणित सोडवतात तिथे. असं ज्युनिअर कॉलेज संगमनेरात सापडेल, नाही सापडलं तर नगर-नाशिक आहेच. क्लास संध्याकाळी लावा हवा तर.

मुलाच्या बाबतीत मला गणिताची नाही, इंग्रजीच्या ६३ ची काळजी आहे. बेस्ट ऑफ फाइव्हने ते झाकलं, पण ते गेलं कुठेच नाही. गणित-विज्ञान त्याने सेमी-इंग्लिशमधून केलंय की मराठीतून?

---

संगमनेरी_दुकानदार

मॅडम, हात जोडून आभार. गणिताचे मार्क शेजारी शेजारी ठेवून बघायचं आमच्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं. मेहुण्यांना फोन करून ९१ आणि ८८ ऐकवलं, ते म्हणाले बघतो.

मुलगी बारावीला टाय-अपलाच होती. मुलगा पूर्ण मराठी माध्यम, सेमी नाही. त्याला स्वतःला कॉम्प्युटर डिप्लोमा करायचाय, कारण मित्र चाललेत. आणि मुलीचं आता काय करू? तिचे दोन्ही विषय परत आहेत.

---

एफईच्या_मॅडम

मुलीचं आधी. तिला नवीन क्लास लावू नका, एम-वनची सॉल्व्ह्ड पेपरची पुस्तकंही आणू नका, तिच्याकडे असतीलच. महाराष्ट्र बोर्डाची नववी आणि दहावीची गणिताची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. नववीचं भाग एक उघडून बहुपदीच्या सरावसंचांपासून सुरुवात करायला सांगा. लाज वाटेल तिला, तुम्ही शेजारी बसू नका. तीनेक आठवड्यांत ते संपतं. मग बारावीचं डेरिव्हेटिव्ह, आणि मगच एम-वन. मेकॅनिक्स तर बरंचसं त्रिकोणमितीवर चालतं, फोर्सचे घटक काढताना sin कुठे आणि cos कुठे हे पक्कं झालं की निम्मा पेपर सुटतो. आणखी एक. तिच्या कॉलेजात एम-वन शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना ती एकदाही भेटलेली नसणार. ९५ वाली मुलं शंका विचारायला येत नाहीत, त्यांना वाटतं आपलं बिंग फुटेल. तिला म्हणावं जा, आम्ही रिकाम्या तासाला चहाच पीत असतो.

मुलगा. मराठी माध्यमातून गणित ८८ म्हणजे माझ्या मते चांगलेच. बोर्डाकडे गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मुदत संपायच्या आत. कुठे गेले ते बघा. भूमितीच्या रचनेत दोन-दोन मार्क गेले असतील तर सोडून द्या, बीजगणितात शाब्दिक उदाहरणं सोडलेली असतील तर भाषेची अडचण आहे, गणिताची नाही. अकरावीला सगळं इंग्रजीत येणार, डिप्लोमालाही बरंचसं तसंच. म्हणून कुठेही घातलंत तरी ह्या सुट्टीत अकरावीचं इंग्रजी गणिताचं पुस्तक आणि त्याचं मराठी दहावीचं पुस्तक समोरासमोर ठेवून शब्द उतरवून घ्यायला सांगा. वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, स्पर्शिका म्हणजे टँजंट, अशी वही. शे-दीडशे शब्दांत भागतं.

मित्र चाललेत हे कारण मात्र मला चालत नाही. पण त्याचा निर्णय तुम्ही घ्या, मी फक्त मार्कशीट वाचते.

---

डीएसई_मेकॅनिकल

मॅडमना +१. डिप्लोमा ठरलाच तर एक सांगतो. तिसऱ्या वर्षाची सुट्टी लागली की त्याला बारावीच्या गणितातलं इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन करून घ्यायला लावा, डायरेक्ट सेकंड इयरची ॲडमिशन होईपर्यंत मधे वेळ मिळतो. आम्ही त्या सुट्टीत गोव्याला गेलो होतो.